संहितेचा इतिहास मधेच थांबतो: गिटचं ऑटो-कमिट वारंवार बंद पडत असेल तर

गिट म्हणजे फायलींतल्या बदलांच्या नोंदी जपून ठेवणारी प्रणाली, आणि अशी एकेक नोंद म्हणजे कमिट. ही नोंद आपोआप व्हावी अशी सोय केली आणि ती बंद पडली, तर लक्षण असं: फायली रोज सेव्ह होतायत, टायपिंग जोरात चालू आहे, पडद्यावर कसलीही तक्रार नाही. मग एके दिवशी जुनं काहीतरी हवं असतं म्हणून नोंदींची यादी, म्हणजे ‘गिट लॉग’, उघडावी, तर शेवटची नोंद एकोणीस दिवसांपूर्वीची. मधले एकोणीस दिवस कोरे.

आमच्याकडे हे तीन पावसाळ्यांत चार वेळा झालं. दर वेळी मी काहीतरी खटपट करायचो, नोंदी परत पडू लागायच्या आणि ‘लाईट गेली असणार’ म्हणून मी विषय मिटवायचो. गोव्यात जून ते सप्टेंबर हे कारण कुणालाही पटतं. चौथ्या वेळी नीट बसून पाहिलं तेव्हा कळलं की चारही वेळचं कारण निराळं होतं, आणि लाईटचा दोष त्यातल्या फक्त एका खेपेला होता.

आमचं नाट्यमंडळ फोंडा तालुक्यातल्या एका गावचं. देवळाच्या जत्रेला रात्री मराठी नाटक करायचं, जमलं तर कला अकादमीच्या स्पर्धेतही उतरायचं. संहिता तालमीत रोज बदलते. दिग्दर्शकबाब उभ्या उभ्या संवाद बदलतात, वहिनी रात्री ते टाइप करतात, आणि चार दिवसांनी बाब डोकं खाजवत म्हणतात, “तें पयलेंच बरें आशिल्लें.” पहिलं म्हणजे नेमकं कुठलं, हे कुणालाच आठवत नसतं. पूर्वी यावर ‘अंक-२-फायनल’, ‘अंक-२-फायनल-नवा’, ‘अंक-२-फायनल-बाबांनी-सांगितलेला’ असा उपाय होता. म्हणून मी गिट बसवलं. पण वहिनींना रोज रात्री कमिट करायला सांगणं म्हणजे त्यांच्या डोक्याला नसता ताप, तेव्हा ते आपोआप व्हावं अशी सोय केली.

सोय साधी आहे. देवळाच्या सभागृहाला लागून असलेल्या खोलीत लिनक्सवर चालणारा जुना डेस्कटॉप. त्यावर एक छोटी शेल स्क्रिप्ट (ओळीने चालणाऱ्या आज्ञांची फाईल), जी ‘आयनोटिफायवेट’ वापरून संहितांच्या फोल्डरवर नजर ठेवते. फाईल बदलली की एक मिनिट थांबायचं, मग ‘गिट ॲड’ (बदल नोंदीसाठी निवडणं), ‘गिट कमिट’, आणि शेवटी ‘गिट पुश’ करून पणजीला माझ्या घरच्या मशीनवर एक प्रत पाठवायची. (आज्ञा इथे उच्चारतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाकायच्या.)

एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामासाठी. तिथे नोंद माणूस ठरवून करतो, का केली तेही लिहितो. आपोआप नोंद करणं हा गिटचा धर्मच नाही. ते आपण बाहेरून चिकटवतो, आणि मोडतं तेही बहुतेक वेळा त्या चिकटवलेल्या जागी. त्यामुळे नोंदी थांबल्या की गिट पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका. मी एकदा केलंय, अख्खा रविवार गेला.

आधी कुठली गाठ सुटली ते बघा

नोंदी थांबल्याचं दिसलं की काहीही रीस्टार्ट करण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहारा देणारी स्क्रिप्ट जिवंत आहे का? आणि फोल्डरमध्ये जाऊन हाताने ‘गिट स्टेटस’ (नोंद न झालेले बदल दाखवणारी आज्ञा) व मग एक कमिट केलं तर काय होतं? रीस्टार्ट केलं की पुरावा जातो. पहिल्या तीन वेळा मी तेच केलं होतं.

स्क्रिप्ट मेलेली आणि हाताने कमिट होतंय, तर दोष स्क्रिप्टचा किंवा ती चालवणाऱ्या सेवेचा. स्क्रिप्ट जिवंत पण हाताने कमिट करताना गिट ‘इंडेक्स.लॉक’बद्दल कुरकुरतंय, तर मागे कुलूप राहिलंय. स्क्रिप्टही जिवंत, गिटही ठीक, स्टेटसमध्ये बदललेल्या फायली दिसतायत, तरीही नोंद नाही, तर बदल झाल्याची खबरच स्क्रिप्टपर्यंत पोचत नाही. आणि फाईल बदललेली असूनही स्टेटस स्वच्छ असेल तर ‘गिटइग्नोर’, म्हणजे गिटने कुठल्या फायली वगळायच्या त्याची यादी, उघडा. जुन्या प्रती वगळाव्यात म्हणून मी ‘जुना’ने सुरू होणारी प्रत्येक फाईल वगळण्याचा नियम लिहून ठेवला होता आणि वहिनींनी एका फाईलचं नाव ठेवलं ‘जुना-वाडा-प्रवेश-३’. ‘गिट चेक-इग्नोर’ला छोटा ‘व्ही’ लावून फाईलचं नाव दिलं की कुठल्या ओळीतल्या नियमाने ती गिळली ते सांगतो.

खेप पहिली: लॉगआउट

ही सोपी होती. स्क्रिप्ट मी सिस्टमडीची (लिनक्सवर पडद्यामागची कामं चालू ठेवणारी व्यवस्था) युजर सेवा म्हणून लावली होती. युजर सेवा त्या युजरचं शेवटचं लॉगिन संपलं की बंद होते. चतुर्थीच्या वर्गणीचा हिशेब करायला कुणीतरी दुसऱ्या खात्याने आत शिरलं, वहिनींचं खातं लॉगआउट झालं आणि पहाराही उठला. पुढे टायपिंग त्या दुसऱ्या खात्यावरूनच होत राहिलं, फोल्डर सामायिक होता म्हणून कुणाला काही जाणवलं नाही. उपाय एका आज्ञेचा: ‘लॉगिनसीटीएल’ला ‘एनेबल-लिंगर’ सांगून युजरचं नाव द्या. मग लॉगिन असो-नसो, सेवा मशीनबरोबर सुरू होते.

इथे एक इशारा. वैतागून स्क्रिप्ट थेट रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, नावाने चालवू नका. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २.३५.२ या आवृत्तीपासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये काम करायला नकार देतं. सुरक्षेसाठी केलेला बदल आहे तो, आणि रास्त आहे. ‘सेफ डिरेक्टरी’ची सेटिंग टाकून वाट काढता येते, पण मग रूटच्या मालकीच्या फायली डॉट-गिटमध्ये (गिट आपला इतिहास ठेवतं त्या लपलेल्या फोल्डरमध्ये) तयार होतात आणि वहिनींच्या खात्याला त्या लिहिता येत नाहीत. एक भोक बुजवायला गेलं की दुसरं पडतं.

खेप दुसरी: खरोखरच लाईट

आमच्या खोलीत इन्व्हर्टर नाही. जुलैतल्या एका रात्री बरोबर कमिट होताना लाईट गेली असणार.

गिट काही बदलण्याआधी डॉट-गिट फोल्डरमध्ये ‘इंडेक्स.लॉक’ नावाची फाईल तयार करतं आणि काम झालं की तिचंच नाव बदलून ती खऱ्या इंडेक्सच्या, म्हणजे पुढच्या नोंदीत काय जाणार त्या यादीच्या, जागी ठेवतं. मधेच वीज गेली तर ती फाईल तशीच राहते. मग मशीन दहा वेळा सुरू करा, गिट म्हणणार, दुसरं कुणीतरी इथे काम करतंय. आधी ‘पीग्रेप’ने खात्री करा की खरंच दुसरं गिट चालू नाही, मग ती फाईल हाताने पुसा. स्क्रिप्टमध्ये ‘लॉक दिसला की पूस’ असं लिहिण्याचा मोह होतो. ते करू नका, कारण कधीतरी तो लॉक खरा असतो. मी तडजोड अशी केली की मशीन चालू होताना, पहारा सुरू होण्याआधी, फक्त एकदाच तो पुसायचा. त्या क्षणी दुसरं गिट असण्याची शक्यता नसते. एकाच वेळी दोन कमिट भिडू नयेत म्हणून स्क्रिप्टमधलं कमिट ‘एफलॉक’च्या आत घातलं आहे.

लॉक पुसल्यावर त्या रात्री दुसरंच निघालं. अमुक ऑब्जेक्टची फाईल रिकामी आहे, असं गिट सांगू लागलं. (ऑब्जेक्ट म्हणजे ज्या तुकड्यांत गिट इतिहास साठवतं त्यातला एक.) डिस्कवर फाईलचं नाव लिहिलं गेलं होतं, आतला मजकूर पोचण्याआधी अंधार. अशा वेळी हात थरथरतो आणि माणूस डॉट-गिट उडवून नव्याने सुरू करायला निघतो. थांबा. आधी अख्ख्या फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा. संहितेच्या फायली तर शाबूत असतातच, प्रश्न इतिहासाचा आहे. मग ऑब्जेक्ट्सच्या फोल्डरमधल्या शून्य बाइटच्या फायली शोधून काढून टाका आणि दुसऱ्या मशीनवर प्रत असेल तर तिथून ‘गिट फेच’ करा. शेवटचं कमिटच मोडलं असेल तर डॉट-गिटमधल्या ‘लॉग्ज’ फोल्डरात ‘हेड’ नावाची साधी मजकूर-फाईल असते. तिच्या शेवटून वर येत प्रत्येक ओळीतला क्रमांक ‘गिट शो’ला देऊन पाहा. जो पहिला उघडेल त्याच्यावर ‘अपडेट-रेफ’ने हेड, म्हणजे ‘सध्या आपण इथे’ ही खूण, ठेवा. इंडेक्स बिघडला असेल तर ती फाईल पुसून नुसता ‘गिट रीसेट’, आणि त्याला ‘हार्ड’ हा शब्द चुकूनही लावायचा नाही. शेवटी ‘गिट एफएससीके’ ही तपासणी चालवून खात्री करा. आमची त्या रात्रीची दोन कमिटं गेली, बाकी सगळं परत मिळालं.

पुढच्यासाठी: २०२२ च्याच २.३६ या आवृत्तीपासून ‘कोअर’ गटात ‘एफसिंक’ नावाची सेटिंग आहे. सुटे ऑब्जेक्ट डिस्कवर पक्के उतरेपर्यंत थांबायचं, ही गोष्ट मूळ सेटिंगमध्ये वगळलेली असते, वेगासाठी. ‘कमिटेड’ असं मूल्य दिलं की ती लागू होते. नाटकाच्या चार फायलींना वेगाशी काय करायचंय? लावून टाका.

खेप तिसरी: खबरच येत नव्हती

मंडळाने एक बऱ्यापैकी लॅपटॉप घेतला, म्हणून मी पहारा त्यावर हलवला. संहितांचा फोल्डर मात्र जुन्याच डेस्कटॉपवर ठेवला आणि नेटवर्कवरून जोडला. लॅपटॉपवर केलेल्या बदलांच्या नोंदी पडत. डेस्कटॉपवर बसून केलेल्यांच्या नाहीत. कधी पडतात, कधी नाही, म्हणून हे सगळ्यात जास्त दिवस भोवलं.

आयनोटिफाय ही कर्नलची सोय आहे. आपल्या मशीनच्या कर्नलमधून झालेला बदलच तिला कळतो. नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरात पलीकडच्या मशीनने काही केलं तर त्याची खबर इथे येत नाही. पहारा नेहमी जिथे डिस्क आहे तिथेच बसवायचा. डेस्कटॉपवर परत आणला, प्रश्न संपला.

हाताशी आहे म्हणून दोन गोष्टी. पहारा एकेका फाईलवर न ठेवता फोल्डरवर ठेवा, कारण बरेच एडिटर नवी फाईल लिहून जुनीच्या जागी सरकवतात, आणि जुन्या फाईलवर बसलेला पहारेकरी रिकाम्या दारावर उभा राहतो. ‘क्लोज-राइट’बरोबर ‘मूव्हड-टू’ ही घटनाही ऐकायला हवी ती त्यासाठीच. आणि डॉट-गिट फोल्डर पहाऱ्यातून वगळा, नाहीतर कमिटमुळे घटना, घटनेमुळे कमिट, असं स्वतःचीच शेपटी धरून फिरणं सुरू होतं.

खेप चौथी, आणि खरा चोर

चतुर्थीच्या आधीचा आठवडा. माझी शनिवारची फेरी, स्क्रिप्ट मेलेली, हाताने कमिट व्यवस्थित. लॉक नाही, लिंगर चालू, फोल्डर जागेवर. या वेळी मी रीस्टार्ट न करता ‘जर्नलसीटीएल’ने सेवेची वही उघडली. शेवटची ओळ: पुश करताना पलीकडचं मशीन सापडलं नाही. तारीख सोळा दिवसांपूर्वीची. त्या दिवशी मोठ्या पावसात गावातलं इंटरनेट दीड दिवस बंद होतं, हे वहिनींना नक्की आठवत होतं, कारण त्याच दिवशी मुलाचा फॉर्म भरायचा राहिला.

इंटरनेट नाही म्हणून पुश झालं नाही, ठीक. पण त्यामुळे कमिट का थांबावं? पुश तर नोंद झाल्यानंतरचं काम.

स्क्रिप्टच्या दुसऱ्या ओळीत मीच मोठ्या शहाणपणाने ‘सेट’ला ‘ई’ लावून ठेवला होता. म्हणजे कुठलीही आज्ञा अपयशी ठरली की स्क्रिप्टने तिथेच मान टाकायची. पुश फसलं, स्क्रिप्ट संपली, सेवेला पुन्हा सुरू करायला कुणी सांगितलं नव्हतं. दीड दिवसाने इंटरनेट आलं, पहारेकरी मात्र गेलेला तो गेलाच. आता विचार करता वाटतं, आधीच्या काही लहान खंडांचं कारणही हेच असावं आणि मी ते लाईटच्या नावावर खपवलं.

याच ‘ई’चा दुसरा बळी: बदल नसताना कमिट केलं तर गिट ‘करण्यासारखं काही नाही’ म्हणतं आणि परतीचा आकडा १ देतं. माणसाला ते उत्तर वाटतं, स्क्रिप्टला अपयश. वहिनींनी शब्द टाइप केला, सेव्ह केला, एका मिनिटाच्या आत पुसून पुन्हा सेव्ह केला, की बदल शून्य आणि स्क्रिप्ट गतप्राण.

दुरुस्ती अशी केली. ‘ई’ काढला. ‘गिट ॲड’ला मोठा ‘ए’ लावल्यानंतर ‘गिट डिफ’ला ‘कॅश्ड’ आणि ‘क्वाएट’ देऊन आधी विचारायचं: काही बदललंय का? आकडा ० आला तर गप्प बसायचं, १ आला तरच कमिट. पुश या स्क्रिप्टमधून पूर्ण बाहेर काढलं आणि दर पंधरा मिनिटांनी चालणाऱ्या वेगळ्या सिस्टमडी टायमरला दिलं. ते फसलं तर फसलं, पुढच्या पाव तासाने पुन्हा बघेल. पुशला ‘टाइमआउट’ने ६० सेकंदांची मर्यादा घातली, कारण अर्धमेल्या लाइनवर ते फसतही नाही, नुसतं लटकतं. पुश ज्या जोडणीवरून जातं त्या एसएसएचला ‘बॅचमोड’ चालू केला, नाहीतर ते पासवर्ड विचारत कुणीच बसलेलं नसलेल्या पडद्याकडे बघत राहतं.

सेवेच्या फाईलमध्ये ‘रीस्टार्ट’ला ‘ऑलवेज’ दिलं, पण तेवढ्याने भागत नाही. दहा सेकंदांत पाच वेळा सुरू होऊन पडली की सिस्टमडी नाद सोडतो. म्हणून ‘रीस्टार्टसेक’ ३० ठेवलं. अर्ध्या मिनिटाने एक प्रयत्न, तो नाद कधीच सोडत नाही.

इतिहास आहे, पण सापडत नाही

हे थांबणं नव्हे, पण तक्रार तीच येते, ‘नोंद झालेली नाही’, म्हणून इथेच सांगतो. बाबांना दुसऱ्या अंकातलं एक वाक्य हवं होतं, त्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द होता एवढं आठवत होतं. ‘गिट लॉग’ला मोठा ‘एस’ लावून शब्द दिला की तो कुठल्या कमिटमध्ये आला किंवा गेला ते कळतं. माझ्या हातून एकही निकाल नाही. वहिनी म्हणाल्या, मी तर टाइप केलेलं, छातीवर हात ठेवून सांगते.

केलं होतंच. त्यांच्या कीबोर्डवर तो अर्धा र साध्या ‘र’ला हलन्त आणि मग न दिसणारा जोडक, म्हणजे झीरो-विड्थ जॉइनर, लावून उमटतो. माझ्याकडे तो खाली टिंब असलेल्या ‘ऱ’पासून उमटतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, बाइट वेगळे, आणि गिट फक्त बाइट बघतं. दोघांनी आळीपाळीने फाईल हाताळली की डोळ्याला न दिसणारे ‘बदल’ही डिफमध्ये, म्हणजे दोन नोंदींतल्या फरकात, येतात ते यामुळेच. ‘गिटॲट्रिब्यूट्स’मधून एक क्लीन फिल्टर लावला, मजकूर बदलणाऱ्या ‘सेड’ची एक ओळ, जी साठवताना पहिला प्रकार दुसऱ्यात बदलते. वहिनींच्या उघड्या फाईलला हात लागत नाही.

मराठी नावांच्या फायली स्टेटसमध्ये ३४०, २४४, २०५ अशा आकड्यांच्या रांगेत दिसत असतील तर घाबरू नका, तो ‘अ’ आहे. ‘कोअर’मधली ‘कोटपाथ’ सेटिंग ‘फॉल्स’ करा. आणि संहिता ओडीटी किंवा डॉकएक्समध्ये ठेवत असाल तर त्या आतून झिप असतात, कुठलं वाक्य बदललं ते गिट दाखवू शकत नाही. आम्ही लिब्रेऑफिसमधूनच ‘एफओडीटी’ म्हणून सेव्ह करतो. साधा मजकूर आणखी बरा, पण वहिनींना पात्रांची नावं ठळक हवी असतात.

भोंगा

चारही खेपांत बिघाडापेक्षा जास्त नुकसान केलं ते कळायला लागलेल्या उशिराने. म्हणून आता दर अर्ध्या तासाला दुसरी एक चिमुकली स्क्रिप्ट चालते. ती पहारेकऱ्याला काही विचारत नाही. संहितांमधली सर्वांत ताजी फाईल कधी बदलली आणि शेवटचं कमिट कधीचं, एवढंच बघते. फाईल कमिटपेक्षा अर्ध्या तासाहून नवी निघाली की वहिनींच्या डेस्कटॉपवर एक रिकामी फाईल उगवते. तिचं नाव ‘दादाला-फोन-करा’. मेल पाठवून पाहिलं होतं, पण इंटरनेट नसताना मेल कुठून जाणार?

भोंगा लावल्यावर तो वाजतो का ते तपासलंच पाहिजे. मी मुद्दाम पहारा बंद करून संहितेत एक स्वल्पविराम टाकला आणि चहाला गेलो. परतलो तर फाईल आलेली आणि वहिनी फोन कानाला लावून उभ्या, माझाच फोन खिशात वाजत होता.

पुश मागे पडल्याचा वेगळा भोंगा आहे, पण तो दोन दिवस वाट बघतो. आधी तो एका तासावर ठेवला होता. पहिल्या आठवड्यात सहा फोन आले. त्यातल्या पाच वेळा कुणीतरी मोबाईल चार्ज करायला राउटरचा प्लग काढला होता.